पाप कोणाच्या खात्यावर? नीळकंठशास्त्री गोरे यांचा प्रश्न

औराद तालुक्यातल्या ख्रिस्ती घरात तुमची मंडळी कोणती असं विचारलं, तर बहुतेक वेळा ‘मेथडिस्ट’ हेच उत्तर मिळतं. बीदर-कलबुर्गी पट्ट्यात निजामाच्या काळी अमेरिकन मेथडिस्टांनी काम उभं केलं आणि घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी बोलणाऱ्या या मुलखात त्यांचं उपासनाघर रुजलं. या नावाबरोबर एक जुना तंटाही इथं आला आहे. १७८४ साली जॉन वेस्ली यांनी अमेरिकेतल्या अनुयायांसाठी इंग्लंडच्या चर्चची एकोणचाळीस धर्मकलमं चाळून त्यांतली चोवीस ठेवली. गाळलेल्यांत सतरावं कलम होतं. कोणाचं तारण व्हायचं हे देवाने जग घडवण्याआधीच ठरवून ठेवलं आहे, असं ते कलम सांगत होतं. माणसाच्या इच्छाशक्तीविषयीचं कलम मात्र वेस्लींनी ठेवलं. अर्थात त्यातही माणसाला मोकळं रान दिलेलं नाही. पतन पावलेला माणूस आपल्या बळावर देवाकडे वळू शकत नाही, आधी देवाची कृपा यावी लागते, असंच ते म्हणतं. फरक एवढाच की वेस्लींच्या मते ती कृपा सर्वांकडे येते आणि तिला नकार देणं माणसाच्या हाती असतं.

त्याच निजामी राज्यात, जालन्याजवळ, नारायण शेषाद्री यांनी निजाम सरकारने दिलेल्या जमिनीवर ‘बेथेल’ हे ख्रिस्ती गाव वसवलं. शेषाद्री १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण, स्कॉटिश फ्री चर्चचे. त्यांच्या चर्चचा आधार वेस्टमिन्स्टरचा धर्मस्वीकार. जे जे घडतं ते देवाने अनादि काळापासून नेमून ठेवलं आहे, तरी देव पापाचा कर्ता नाही, असं तो एका दमात सांगतो. म्हणजे एकाच राज्यात, एकाच भाषेत प्रार्थना करणाऱ्या दोन मंडळ्या या प्रश्नाला दोन वेगळी उत्तरं घेऊन बसल्या होत्या. त्या मंडळ्यांतल्या बहुतेकांना दुष्काळ, सावकार आणि वेशीबाहेरचं जिणं यांतून असल्या वादाला सवड नव्हती. हा प्रश्न मराठी माणसांनी खरोखर कसाला लावला तो आधी आणि दुसरीकडे: सिहोरला, काशीला आणि मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर. त्याचे कागद शिल्लक आहेत.

पहिला कागद एका स्कॉटिश सरकारी नोकराचा. बंगाल सनदी सेवेतले जॉन म्यूर यांनी १८३९ साली कलकत्त्याला ‘मतपरीक्षा’ नावाची संस्कृत पुस्तिका छापली. गुरुशिष्यसंवादाच्या वळणाने त्यांनी खरा धर्म ओळखण्याच्या कसोट्या मांडल्या आणि त्या ख्रिस्ती धर्माला लावून दाखवल्या. शास्त्र्यांशी शास्त्र्यांच्या भाषेत बोलावं हा त्यांचा हेतू, आणि तो त्यांच्या कल्पनेपेक्षा जास्तच सफल झाला. तीन पंडितांनी संस्कृतातच उत्तरं लिहिली. पहिले ‘सोमनाथ’, म्हणजे सिहोरचे मराठी ज्योतिषी सुबाजी बापू. १८३६ साली ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हे मराठी पुस्तक लिहून कोपर्निकसचं खगोलशास्त्र आपल्या लोकांपुढे ठेवणारे हेच गृहस्थ. नव्या विद्येला ते भीत नव्हते, त्यामुळे त्यांच्या ‘मतपरीक्षाशिक्षे’ला जुनाट मनाचा कांगावा म्हणता येत नाही. त्यांचा सूर मवाळ आहे: देवानेच निरनिराळ्या लोकांना निरनिराळे मार्ग दिले असतील तर एकानेच दुसऱ्याची परीक्षा का घ्यावी? दुसरे बंगालचे हरचंद्र तर्कपंचानन. ते खवळून लिहितात.

तिसरे नीळकंठ गोरे. चित्पावन कुटुंब, बुंदेलखंडातून काशीला येऊन स्थिरावलेलं. जन्म ८ फेब्रुवारी १८२५. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा त्यांचा ग्रंथ १८४४-४५ सालचा, म्हणजे लिहिताना वय विशीच्या आतबाहेर. हे वय लक्षात ठेवून ग्रंथ वाचला की दोन गोष्टी एकदम जाणवतात: न्यायशास्त्राची तालीम आणि तरुण माणसाची निर्दय सरळ रेषा.

ख्रिस्ती मताची पारंपरिक बाजू आधी थोडक्यात मांडायला हवी, नाहीतर गोऱ्यांचा घाव कुठे बसतो ते दिसत नाही. बायबलात दोन्ही तऱ्हेची वाक्यं आहेत. यशया संदेष्टा प्रकाशाबरोबर अंधार आणि शांतीबरोबर अरिष्टही देवाकडेच देतो. याकोबाचं पत्र मात्र देव कोणालाही वाईटाच्या मोहात पाडत नाही असं बजावतं. ऑगस्टिनने चौथ्या-पाचव्या शतकांत यांची सांगड घातली. वाईट ही देवाने घडवलेली वस्तू नव्हे, ते चांगल्याचं उणेपण आहे, आणि ते उणेपण इच्छाशक्तीच्या वाकड्या वळणातून येतं. देवाने माणसाला निवडण्याची मोकळीक दिली, माणसाने चुकीचं निवडलं, तेव्हा दोष माणसाचा. आदामाची ती कथा मराठीतही जुनी. फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’तून ती १६१६ सालीच ओवीबद्ध होऊन छापली गेली होती. पुढे कॅल्व्हिनच्या परंपरेत देवाच्या नेमणुकीवर भर वाढला, आर्मिनियस आणि वेस्ली यांच्या परंपरेत माणसाच्या नकाराधिकारावर.

गोरे या साऱ्या इमारतीच्या पायाशी जातात. देव सर्वज्ञ आहे ना? मग अमका जीव मिळालेली मोकळीक चुकीची वापरणार, हे त्याला ती देण्याआधीच ठाऊक होतं. ठाऊक असून त्याने तो जीव निर्माण केला आणि त्याच्यासाठी न संपणारा नरकही ठेवला. मग दयाळूपणा कुठे राहिला? पाप मोजकं, आयुष्य मोजकं, आणि शिक्षा अनंत, हा कुठला न्याय? मोकळीक दिली एवढं म्हणून देणाऱ्याची सुटका होत नाही, कारण मोकळीक, ती वापरणारं मन आणि त्या मनाला भुलवणारं जग, तिन्ही त्याचीच कृती.

दुसरा घाव जास्त खोल आहे. माणसं जन्मतःच सारखी नसतात. कोणी धडधाकट, कोणी अंध, कोणी राजवाड्यात, कोणी उकिरड्याशेजारी. पूर्वजन्मीचं कर्म मानलं तर या विषमतेला कारण मिळतं. ते नाकारलं, तर देव पक्षपाती आणि निष्ठुर ठरतो. हा आक्षेप गोऱ्यांच्या पदरचा नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात वैषम्य आणि नैर्घृण्य या दोन दोषांची चर्चा आहे, आणि तिथेही कर्माच्या आधारानेच ईश्वराला दोषमुक्त केलं आहे. गोऱ्यांनी केलं ते इतकंच: स्वपक्षाच्या बचावासाठी घडवलेलं शस्त्र उलटं फिरवून प्रतिपक्षावर धरलं. जनावरांचा मुद्दा तर मिशनऱ्यांना फारच अडचणीचा. औताला जुंपलेल्या बैलाच्या मानेवर जखम होते, त्याने तर आदामाचं फळ चाखलेलं नसतं. त्याला पुढे स्वर्ग नाही, मागे पाप नाही. त्याचं दुःख कोणाच्या खात्यावर मांडायचं?

ग्रंथाचा एक धागा पुढच्या कथेसाठी महत्त्वाचा आहे. गोऱ्यांचा केवळ तर्कावर भरवसा नाही. ‘मतपरीक्षा’ माणसाच्या बुद्धीला न्यायाधीश करते. गोरे म्हणतात, बुद्धी श्रुतीच्या मागून चालली पाहिजे, पुढे धावली की ती कुठल्याही धर्माचे तुकडे करील, तुमच्याही. आधी श्रद्धा, मग युक्ती.

हा ग्रंथ गोऱ्यांच्या हयातीत छापला गेला नाही. स. ल. कात्रे यांनी तो उज्जैनहून १९५१ साली संपादून प्रसिद्ध केला, आणि रिचर्ड फॉक्स यंग यांनी १९८१ साली तिन्ही संस्कृत उत्तरांचा एकत्र अभ्यास केला. शंभर वर्षं हे पुस्तक वाचकांपासून दूर राहिलं, ही गोष्ट त्याच्या प्रभावाविषयी बोलताना विसरता कामा नये. पुस्तकाने काशी हलली वगैरे लिहिण्याचा मोह होतो, पण हललेला माणूस एकच सापडतो, तो म्हणजे लेखक.

कारण १४ मार्च १८४८ रोजी, जौनपूरला, नीळकंठ गोऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नेहेम्या हे नाव स्वीकारलं. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ यांच्याशी काशीत कैक वर्षं चाललेल्या वादाचा हा शेवट. स्मिथ यांनी १८५० साली ‘द्विज’ या नावाने या धर्मांतराची हकीगत लंडनमध्ये छापली. ती वाचताना सावध राहावं लागतं. मिशनला वर्गणी देणाऱ्या इंग्रज वाचकांसाठी लिहिलेला हा मजकूर आहे आणि त्यात शंका हा जिंकायचा किल्ला असतो. दुसरं मोठं साधन म्हणजे सी. ई. गार्डनर यांनी १९०० साली लिहिलेलं चरित्र. तेही स्नेह्याचं, पण त्यात गोऱ्यांची पत्रं आहेत, आणि पत्रांतला माणूस ‘द्विज’मधल्या विजयी नायकासारखा मुळीच नाही. धर्मांतरानंतरही त्यांना शंका पुनःपुन्हा गाठत राहिल्या. जिंकलेला किल्ला रोज नव्याने लढवावा लागत होता.

घरची हकीगतही या वर्षांतली. १८५३ साली मुलगी झाली, लक्ष्मी. तिची आई लवकरच गेली. मूल एका निळीच्या मळेवाल्याच्या घरी आणि नंतर एका पाद्र्याच्या घरी वाढलं, इंग्लंडला गेलं आणि पुढे एलन लक्ष्मी गोरे या नावाने गीतकार म्हणून प्रसिद्ध झालं. गोरे स्वतः पंजाबच्या महाराजा दुलीपसिंगाबरोबर त्याच सुमारास इंग्लंडला जाऊन आले. निरपराधाच्या दुःखाविषयी लिहिणाऱ्या माणसाच्या घरात हे घडावं, हे पाहून धागा जोडावासा वाटतो. पण त्यांनी जो प्रश्न विशीत लिहिला तो या दुःखाच्या आधीचा आहे, आणि शोकातून तत्त्वज्ञान जन्मलं असं म्हणायला कालक्रमच आडवा येतो.

१८६० साली ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ आला. दोन वर्षांनी फिट्झएडवर्ड हॉल यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. इथे गोरे आपल्याच जुन्या शस्त्रावर वार करतात. विषमतेचं कारण पूर्वकर्म, त्या कर्माचं कारण त्याआधीचं कर्म, आणि ही साखळी अनादि. म्हणजे पहिल्या दुःखाला उत्तर मिळतच नाही, ते फक्त मागे ढकललं जातं. वेदांताकडे वळल्यावर ते विचारतात, ब्रह्म एवढंच सत्य असेल तर अज्ञान कोणाचं? विशीतला पंडित आणि पस्तिशीतला ख्रिस्ती सलग वाचला की एक विलक्षण गोष्ट हाती येते. दोन्ही पुस्तकं दुसऱ्याचं उत्तर मोडण्यात अव्वल आहेत, आणि दोन्हींत स्वतःचं उत्तर त्या मानाने लंगडं आहे. माझ्या मते याला लेखकाची दुर्बळता म्हणणं अन्यायाचं होईल. या प्रश्नात मोडणं सोपंच असतं.

या ग्रंथाआधी तीन वर्षं मुंबईत दुसरा एक चित्पावन, तोही १८२५ सालीच जन्मलेला, हाच वाद वाळूवर मांडत होता. विष्णू भिकाजी गोखले, म्हणजे विष्णुबावा ब्रह्मचारी. १५ जानेवारी ते २८ मे १८५७ या काळात दर गुरुवारी संध्याकाळी समुद्रकिनारी विष्णुबावा आणि मिशनरी यांच्यात जाहीर वाद झाले. शेवटच्या बैठकीआधी अठरा दिवस मीरतला उठाव झाला होता. या सभांचे दोन वृत्तान्त आहेत. एक अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांचा, त्याच वर्षीचा, इंग्रजी. दुसरा ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’, मराठी, १८७२ सालचा, बावांच्या निधनानंतर छापलेला. दोन्हींत आपापला पक्ष जिंकतो. अशा वेळी इतिहासकाराने निकालाच्या नादी न लागता दोन्ही पक्षांना कोणत्या प्रश्नाची धास्ती होती ते बघावं. अद्वैतावर मिशनऱ्यांचा ठरलेला आक्षेप असा: सगळं ब्रह्मच असेल तर चोरी करणारंही ब्रह्मच, मग पापी कोण? आणि मिशनऱ्यांवर फिरून येणारा आक्षेप असा: सैतान कोणी केला, आणि सर्वसमर्थ देव त्याला राहू का देतो? दोघेही एकमेकांना एकाच खिंडीत गाठत होते. देव सर्वत्र मानला तर पाप त्याच्यात जातं, आणि तो पापापासून वेगळा ठेवला तर त्याची सत्ता तोकडी पडते.

याआधी पंचवीस वर्षं मोरभट दांडेकर आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या वादातही हाच पेच डोकावला होता. १८३१ साली मुंबईत समोरासमोर वाद झाला, मोरभटांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ लिहिली, विल्सन यांनी १८३२ साली पुस्तकानेच प्रत्युत्तर दिलं. श्रीकृष्णाच्या लीलांना माणसाची नीती लावू नका, हा मोरभटांचा बचाव विल्सन यांनी झिडकारला. पण विल्सन ज्या परंपरेतले, तिने पौलाच्या रोमकरांस पत्रातल्या कुंभार-मातीच्या दृष्टांतावर शतकानुशतकं भिस्त ठेवली होती: घड्याने कुंभाराला जाब विचारू नये. मोरभटांना जी सवलत नाकारली ती आपल्या देवाला मात्र दिली, असा आरोप कोणी त्या काळी केला असता तर विल्सन यांना घाम फुटला असता.

वाळूवरच्या वादातले बोवेन पुढे बीदरच्या वाटेवर येतात, तेही आडवळणाने. १८४८ साली ते मुंबईला आले आणि १८८८ साली तिथेच वारले. मिशनचा पगार त्यांनी स्वतःहून सोडला होता आणि गरिबीत राहत होते. आले ते कॅल्व्हिनच्या वळणावर वाढलेल्या अमेरिकन मराठी मिशनकडून. पण १८७१ साली मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर मुंबईला आले आणि बोवेन त्यांच्या कामाशी जोडले गेले, पुढे मेथडिस्टच झाले. टेलर यांच्या त्या मोहिमेतून मुंबई, पुणे, हैदराबाद-सिकंदराबाद इथे मंडळ्या उभ्या राहिल्या आणि त्या फांदीवरूनच निजामाच्या मुलखातलं मेथडिस्ट काम वाढलं. विष्णुबावांशी देवाच्या कर्तृत्वावरून झगडलेला माणूस, नेमणुकीचं कलम गाळणाऱ्या पंथात जाऊन बसला, आणि औराद-बीदरच्या मंडळ्या त्याच पंथाच्या. बावांमुळे बोवेन बदलले असा दावा मी करणार नाही. पण सर्वांना हाक मारणारा देव रस्त्यावर उभं राहून सांगायला सोपा जातो, निवडक लोकांचा देव जड जातो, हे रोज भरबाजारात उपदेश करणाऱ्याला कळत असणार.

गोरे मात्र वेस्लींच्या वाटेने गेले नाहीत. ते इंग्लंडच्या चर्चच्या उच्च, कॅथलिक परंपरेकडे झुकले. १८६८ साली डीकन झाले, १८७० साली पुरोहित, आणि १८७६ पासून काउली फादर्स या संन्यस्त मंडळाच्या संगतीत राहिले. डीकन झाले त्याच वर्षी कलकत्त्याला त्यांची एक पुस्तिका निघाली, अनंत शिक्षेच्या सिद्धांतावरील आक्षेपांविषयी. ते आक्षेप आपण वर वाचलेच आहेत. मोजक्या पापाला न संपणारी शिक्षा कशी, हे चोवीस वर्षांपूर्वी काशीत बसून एका तरुणाने म्यूरना विचारलं होतं. आता त्रेचाळिशीतला पाद्री त्याच तरुणाला उत्तर देत होता. ब्राह्मो आणि प्रार्थना समाजाच्या लोकांशी त्यांचा जो दीर्घ वाद झाला, त्यातही हा मुद्दा ठाण मांडून आहे. प्रेमळ देव हवा, पण नरक नको, अशी निवड करता येणार नाही, कारण देवाविषयी काय खरं ते माणसाची बुद्धी ठरवत नाही, असं ते बजावत राहिले. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’तला धागा इथे पुन्हा हाती लागतो. आधी श्रद्धा, मग युक्ती. श्रुतीच्या जागी बायबल आणि चर्च आलं, पण मांडणीचा कणा बदलला नाही. धर्मांतराने गोरे उलटेपालटे झाले असं त्यांचे मित्र आणि शत्रू दोघेही समजत होते. कागद तसं सांगत नाहीत.

२९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत गोरे वारले. तोवर त्यांच्या लेखनाने एका मोठ्या माणसाला ख्रिस्ती धर्माकडे आणलं होतं. पंडिता रमाबाईंनी स्वतःच नमूद केलं आहे की ब्राह्मो मताचा पाया कच्चा आहे हे त्यांना गोऱ्यांच्या पुस्तकामुळे पटलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण गोऱ्यांनी जी अट घातली होती, बुद्धीने मागून चालावं, ती रमाबाईंनी मानली नाही. त्यांचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी १९७७ साली संपादून प्रसिद्ध केला आहे. त्यात १८८५ सालच्या मे महिन्यातली पत्रं या प्रश्नाच्या दृष्टीने फार मोलाची. अथनेशियसचा म्हणून ओळखला जाणारा धर्मस्वीकार, जो न मानणाऱ्याला अनंत नाशाची ताकीद देतो, तो म्हणायला रमाबाई तयार नव्हत्या. आपल्याला देवाने सदसद्विवेक आणि स्वतःची निर्णयबुद्धी दिली आहे, भारतातल्या पुरोहितांचं जोखड नुकतंच उतरवलं असताना दुसऱ्या पुरोहितांचं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना कळवलं. काशीत जो प्रश्न देवाला विचारला गेला होता, मोकळीक दिलीस तर तिचं पुढे काय, तो इथे चर्चला विचारला जात होता.

जेराल्डिन यांना त्या पत्रांत गर्व दिसला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र रमाबाईंशी मुद्द्याला मुद्दा लावून लांबलचक पत्रं लिहिली, आणि या बाईला तिच्या वाटेने विचार करू द्यावा, असं जेराल्डिन यांना समजावत राहिल्या.